परतीच्या लाटेची तालीम

शेजारच्या सोनकांबळेकाकांनी गच्चीवर समुद्र आणला तेव्हा मी नेमकी पापड वाळत घालत होते. आमच्या दोन गच्च्यांच्या मध्ये कमरेएवढी भिंत आहे. पलीकडे दोन मजूर घमेल्यांनी वाळू आणून ओतत होते आणि काका कमरेवर हात ठेवून सांगत होते, "इकडं उतार द्या. किनाऱ्याला उतार असतो."

मी विचारलं, "काका, बांधकाम काढलं का?"

"नाही. पोरांना समुद्रावर न्यायचंय."

एवढ्या उत्तराने माझं समाधान झालं असावं असं समजून ते उताराकडे वळले. वाळूच्या लॉरीवाल्याचं मात्र झालं नव्हतं. तो जाता जाता म्हणाला, "दरिया तो पूरा उधर चला गया साब. अब रेती लेके क्या करते?"

त्याचं बरोबर होतं. राज्याची वाटणी नुकतीच झाली होती. हैदराबाद तेलंगणात राहिलं आणि समुद्र आंध्राकडे गेला. तो आपला होता तोवर आमच्या तारनाक्याच्या गल्लीत कोणी त्याचं नाव काढलं नव्हतं. गेल्यावर मात्र एकेकाला त्याचा पुळका आला. काकांनी नुसता पुळका आणला नाही, वाळू आणली.

काका मूळचे नांदेडकडचे. वडील रेल्वेत खलाशी, म्हणजे रुळांवरचे मजूर, म्हणून इकडे आले, काकाही रेल्वेतच चिकटले, आणि नोकरीची शेवटची बरीच वर्षं त्यांनी नव्या पोरांना अपघाताची तालीम दिली. म्हणजे अपघात झालेला नसताना तो झालाय असं समजून सगळ्यांनी धावायचं. एकदा जखमी म्हणून रुळाशेजारी निजवलेल्या एका पोराला खरीच झोप लागली. काकांनी त्याला सगळ्यांसमोर उभं करून 'उत्तम जखमी' म्हणून शाबासकी दिली. प्रत्येक तालमीच्या शेवटी ते म्हणायचे, "एक बार और, फिर छुट्टी." नोकरी सुटली, हे वाक्य काही सुटलं नाही.

घरात तालमीशिवाय पान हलत नसे. एकदा सगळ्यांनी गावी जायचं ठरलं, तर आदल्या दिवशी काकांनी घरादाराला सामानासकट गौलीगुड्याच्या बसस्टँडवर नेलं, बसच्या दारापर्यंत पोचवलं आणि परत आणलं. तालीम झकास झाली. दुसऱ्या दिवशी बंद होता, एकही बस सुटली नाही. काकांना त्याचं काही वाटलं नाही. निदान एकदा तरी वेळेवर पोचलो, असं ते म्हणाले.

त्यांच्या मिलिंदच्या लग्नाआधी हार घालण्याची तालीम झाली, तेव्हा नवरीच्या जागी मला उभं केलं होतं. मिलिंदने माझ्या गळ्यात इतक्यांदा हार घातला की आमचे हे पेपर बाजूला करून म्हणाले, "आता फुलं टाकायची का?" काका गंभीरपणे म्हणाले, "थांबा जरा. एक बार और."

मिलिंदची बायको पद्मा ही विशाखापट्टणमची, तेलुगू. घर अगदी समुद्रासमोर. त्यांना जुळं झालं, चिन्नी आणि बुज्जी. वाळू आली तेव्हा ती दोन वर्षांची होती आणि दिसेल ते तोंडात घालत होती. बुज्जीने पहिल्याच संध्याकाळी मूठभर किनारा खाल्ला.

आता खरी गोष्ट सांगायला हवी. पद्मा सरकारी नोकरीत होती. राज्याच्या वाटणीत माणसांचीही वाटणी चालली होती, आणि तिचं नाव पलीकडे, आंध्राच्या यादीत जाणार हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. हुकूम तेवढा यायचा होता. ती गेली की मिलिंद जाणार, त्याचं कॉम्प्युटरचं काम कुठूनही होतं म्हणे. आणि अर्थातच चिन्नी-बुज्जी जाणार. काकू जाऊन कितीतरी वर्षं झालेली. म्हणजे मागे उरणार काका आणि त्यांची सकाळची बुद्धवंदना. तुम्हीही तिकडे जाणार का, असं मी एकदा विचारलं. "माझं पाणी इथलं," एवढंच म्हणाले, आणि पोरांच्या चपला शोधायला लागले. त्या विषयावर त्यांनी पुन्हा चकार शब्द काढला नाही. ते बोलायचे फक्त सुट्टीबद्दल. पोरांना घेऊन चार दिवस समुद्रावर जायचं, आणि नीट तालीम करून जायचं.

तालीम रोज संध्याकाळी. आधी चपला काढून जोडीने ठेवायच्या. मग उतारावर बसायचं. मग वाळू हातात घ्यायची, आणि ती हातातच ठेवायची. हे शेवटचं कलम बुज्जीला जड गेलं. मग पाणी. त्यासाठी काकांनी बेगम बाजारातून खडेमिठाचं पोतं आणलं. दुकानदाराने विचारलं होतं, "अचार का धंदा शुरू किए क्या?" काका म्हणाले, "नक्को भाई, समुंदर का." त्याने आणखी काही न विचारता पोतं रिक्षात चढवलं.

मिठाच्या पाण्याने टब भरला. काकांनी बोट बुडवून चाखलं आणि पद्माला पुढे केलं. "बघ बरं. असंच असतं ना?"

पद्माने चाखून तोंड वाकडं केलं. "मामय्या, समुद्रात एवढं मीठ नसतंय."

"कमी करतो."

"मामय्या, मी समुद्रासमोरच वाढले. मला कोणी तालीम दिली?"

"म्हणून तर तुला पोहता येत नाही," काका म्हणाले आणि टबात साधं पाणी ओतायला लागले. पद्मा हसून खाली गेली. समुद्राबद्दल त्या घरात तिच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं, आणि तिला कोणी फारसं विचारत नव्हतं.

खरी अडचण लाटेची झाली. येणारी लाट सोपी होती. काका बादली घेऊन वरच्या बाजूला उभे राहायचे आणि ओतायचे. पोरं खिदळायची. पण काका नाखूष. मी भिंतीवरून म्हटलं, "छान झाली की लाट."

"येणाऱ्या लाटेला पोरं भीत नाहीत शोभाताई. ती परत जाते ना, तेव्हा पायाखालची वाळू ओढून नेते. उभ्या माणसाला वाटतं, जमीनच निघाली. तिथं पोरं फुटतात."

"तुम्हाला काय माहीत?"

"गेलो होतो ना एकदा. मिलिंद एवढाच होता. लाट आली तर हसला. परत गेली, आणि जो टाहो फोडला बगा, ते परतीच्या गाडीत काझीपेठ येईस्तोवर. लगेच फिरलो आम्ही. तुमच्या काकूनं समुद्र धड पाहिलाच नाही. पोरगं खांद्यावर, त्याचं तोंड समुद्राकडं अन् हिचं स्टेशनकडं." त्यांनी रिकामी बादली उचलली. "पुढच्या खेपेला तालीम करून येऊ, म्हणाली होती."

पुढची खेप झालीच नाही.

शेवटी परतीच्या लाटेवर त्यांनी तोड काढली. उतारावर ओली ताडपत्री पसरायची, तिच्यावर वाळूचा थर द्यायचा, पोरांना त्यावर उभं करायचं, आणि काकांनी बादली ओतली की खालून कोणीतरी ताडपत्री सरकन ओढायची. खालच्या बाजूला आमची भिंत होती आणि भिंतीमागे मी. अशा रीतीने दिवसभर बँकेत लोकांच्या कर्जाच्या अर्जांवर सह्या करणारी मी, संध्याकाळी परतीची लाट झाले.

पहिल्या दिवशी दोघंही बदकन बसली आणि रडली. दुसऱ्या दिवशीही. काका प्रत्येक वेळी त्यांना उभं करत. "गुडघे वाकवा. बोटं रुतवा. तोंड पुढं." दोन वर्षांच्या पोरांना यातलं काय कळत होतं देव जाणे, पण हळूहळू ती काकांचे हात धरून उभी राहायला लागली. "ताता, पट्टुको," चिन्नी म्हणायची. म्हणजे आजोबा, धरा. मग एका हाताने धरून. मग नुसतं बोट धरून. एके दिवशी मी ताडपत्री ओढली, तर काकांचे दोन्ही हात पाठीमागे होते आणि पोरं आपापली उभी होती. मी टाळ्या वाजवल्या. काका म्हणाले, "एक बार और, फिर छुट्टी."

छुट्टी काही होत नव्हती. उन्हाळा गेला, पाऊस येऊन गेला, काकांच्या मते तालीम अजून कच्ची होती. एका संध्याकाळी मिलिंद गच्चीवर आला आणि वैतागून म्हणाला, "बाबा, तिकिटं काढू का नको? चार दिवस फिरायला चाललोय आपण. पोरं काय तिथं जन्मभर राहणार आहेत?"

म्हणाला आणि त्याने स्वतःच जीभ चावली. पद्मा वाळलेले कपडे दोरीवरून काढत होती, तिचा हात तसाच राहिला. काकांनी कोणाकडेच पाहिलं नाही.

"शोभाताई," ते मला म्हणाले, "लाट."

मी ओढली. माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो तेव्हा. काका सहलीची तयारी करतच नव्हते. पोरं जिथे जाऊन राहणार होती, तिथे ती रडू नयेत एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप होता. आणि इतके दिवस मी ते पाहून गच्चीवर हसत होते.

पुढच्याच महिन्यात हुकूम आला, विशाखापट्टणमचा. सामान बांधलं गेलं. या वेळी काकांनी स्टेशनवर जाण्याची तालीम घेतली नाही. ते पोचवायला म्हणून बरोबर गेले. काही दिवस शेजारचं घर बंद राहिलं आणि मला संध्याकाळी काय करावं ते सुचेना.

मग एक दिवस भिंतीपलीकडे नळ सोडल्याचा आवाज आला. मी वर गेले. काका वाळूवर पाणी मारत होते.

"कधी आलात? कशी आहेत पोरं?"

"पास," काका म्हणाले. "पहिल्या लाटेला पास. चपला जोडीनं काढल्या. बोटं रुतवली. लाट परत गेली, दोघं उभी. रडणं नाही, काही नाही. फक्त मागं वळून वळून बघत होती."

"काय बघत होती?"

"तुम्हाला. ताडपत्री कोण ओढतंय ते."

मला हसू आलं. काकाही हसले. मग मी म्हटलं, "आता ही वाळू काढून टाकायची ना?"

"काढू की. थोडं काम राहिलंय." त्यांनी नळ बंद केला. "गाडीत बसलो मी परत यायला. पोरं खाली, पद्माच्या कडेवर एक, मिलिंदच्या कडेवर एक. हात हलवत होती, हसत होती. शहाणी पोरं. गाडी हलली, अन् मी दाराशी दांडा धरून उभा राहिलो तो विजयवाडा आलं तरी सीटवर जाऊन बसलो नाही. पाय हलेचनात. तिकीट तपासणारा विचारायला लागला, तब्येत बरी आहे ना. काय सांगू त्याला? जन्म रेल्वेत गेला माझा."

ते ताडपत्रीच्या कडा सारख्या करत होते. तिच्यावर वाळू पसरलेली होती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

"सगळ्यांची घेतली, शोभाताई. माझीच राहिली," काका म्हणाले.

त्यांनी चपला काढल्या, जोडीने बाजूला ठेवल्या. पायजमा दुमडला. ताडपत्रीवर जाऊन उभे राहिले, गुडघे जरा वाकवले. समोर तारनाक्याच्या गच्च्या होत्या, पाण्याच्या टाक्या होत्या. मी ताडपत्रीचं टोक धरलं आणि हलकेच ओढलं.

"हळू नका ओढू," काका म्हणाले. "समुद्र हळू ओढत नाही."

मी जोर लावून ओढलं. काकांचा तोल गेला. हात हवेत दोन्ही बाजूंना गेले, कोणाचं तरी बोट शोधल्यासारखे, आणि ते मटकन वाळूत बसले. मी भिंतीवरून पलीकडे जायला निघाले, तर त्यांनी हातानेच थांबवलं. सावकाश उठले. वाळू झटकली. पुन्हा त्याच जागी, तोंड पुढे करून उभे राहिले.

"एक बार और," म्हणाले. पुढचं काही म्हणाले नाहीत.

मी ताडपत्री परत वर सरकवली आणि टोक हातात घेतलं.