येळवशीचे पांढरे पांडव

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेतात पूजेचे पांडव मांडायचे तर आधी पाच दगड आणावे लागतात. रायभान आबांची सगळी भानगड झाली ती एवढ्यावरूनच, की त्या सकाळी त्यांना दगड आणायचा कंटाळा आला.

खरं तर कंटाळा हा शब्द आबांना शोभत नाही. राणीसावरगावच्या शिवारात शेरडं-मेंढरं राखण्यात ज्याची हयात गेली, त्याला घाई कशाची नसते आणि कंटाळा कशाचा येत नाही. (बायको कोंडाबाई म्हणतात, यांना हाक मारावी, भाकर थापावी, भाजावी, मग "ओ" ऐकू येते.) पण गुडघा धरला होता, ओढा लांब होता आणि आपल्याकडचा दगड पडला काळाकुट्ट. चुन्याचे तीन हात दिल्याबिगर त्याचा पांडव होत नाही.

आणि घरात पाच पांढरे दगड आयतेच होते.

ते नातीचे. अपेक्षा परभणीला कॉलेजात दगडामातीचं शिक्षण घेत होती. (दगड बघायला कॉलेज कशाला लागतं, हे आबांना अजून कळलं नव्हतं. पण फी भरून झाली होती, म्हणून ते विचारत नव्हते.) कॉलेजची सहल नर्मदेकडं गेली होती. तिथं म्हणे कोणे एके काळी चुनखडीचा समुद्र होता, आणि त्यात लिंबाएवढे गोल, साळिंदरासारखे काटेरी जीव राहायचे. समुद्र गेला, काटे झडले, जिवांचे दगड झाले. अपेक्षानं तीन दिवस उन्हात ओणवं होऊन त्यातले पाच वेचून आणले.

त्यांवरची घट्ट माती काढायला सबुरी लागते. ती घरात एकट्या आबांकडं होती. बारा दिवस ओट्यावर बसून त्यांनी बाभळीच्या काट्यानं एकेक कण उकरला, तेव्हा प्रत्येक दगडावर पाच पाकळ्यांचं नाजूक फूल उमटलं. आता उद्या सकाळी हे पाच दगड सरांपुढं मांडले तर प्रॅक्टिकलचे मार्क, नाही तर अपेक्षाचं वर्ष गेलं. संध्याकाळच्या गाडीनं ती निघणार होती.

'दुपारी जेवणं झाली की आणून ठिवू,' आबांनी विचार केला. 'पोरीला कळायचं बी न्हाई.' आणि डब्यातले दगड धोतराच्या सोग्यात बांधून ते शेताकडं निघाले.

कडब्याच्या पेंढ्यांची खोपटासारखी कोप करून त्यांनी आत पाचही दगड ओळीनं मांडले. इतके देखणे पांडव त्या शिवारात कुणी बघितले नसतील. तेवढ्यात डोक्यावर भज्जी, म्हणजे येळवशीची मिसळभाजी, आणि आंबील यांची पाटी घेऊन कोंडाबाई आल्या. हळदीकुंकू वाहिलं, आंबील शिंपडली आणि तशाच थबकल्या.

"आवो, ह्येच्यावर फुलं उमटल्यात."

"अं," आबा म्हणाले. त्यांना सगळं कबूल करायचं होतं. पण आबांचं वाक्य निघायला वेळ लागतो. ते 'त्याचं असं हाय' पर्यंत पोचले, तोवर कोंडाबाईंनी बांधावरून शेजारच्या तात्यारावांना हाक मारली होती.

तात्याराव माळकरी माणूस. गळ्यात तुळशीची माळ, घरात कांदा-लसूणसुद्धा वर्ज्य. ते आले, वाकले, चष्मा लावून पुन्हा वाकले.

"पाच दगड आन् परत्येकावर पाच पाकळ्या," ते हलक्या आवाजात म्हणाले. "रायभान, कुठं घावले ह्ये?"

"घरातच व्हते की," आबा म्हणाले. एवढं मात्र खरंच होतं.

"घरात प्रगटले," तात्यारावांनी मागच्यांना सांगितलं. मागं आता बरीच माणसं होती, कारण येळवशीला सगळं शिवार एकमेकांच्या शेतात जेवत हिंडत असतं. पप्पू टेम्पोवाल्यानं मोबाइलवर फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला. कुणी नारळ फोडला. तात्यारावांनी पांडवांवरून ओघळलेली आंबील ओंजळीत घेऊन तीर्थ म्हणून प्राशन केली आणि निर्णय दिला.

"आता ह्ये हालवायचे न्हाईत. हितंच वटा बांधू. शिमिट माझ्याकडून."

आबांच्या छातीवर जशी मेंढी येऊन बसली. देव उचलावा तर गाव मारणार, न उचलावा तर नातीचं वर्ष जाणार. ते कोपीपुढं मांडी घालून बसून राहिले. लोकांना वाटलं, समाधी लागली. एक बाई त्यांच्याही पाया पडून गेली.

तेवढ्यात स्कुटीचा आवाज आला. अपेक्षानं घरी डबा उघडून रिकामा बघितला होता, आणि त्याच मिनिटाला ग्रुपवर कुंकू लावलेले आपले दगड बघितले होते.

"आबा, माझे दगड."

"पोरी, देवाला माझं म्हनू न्हाई," तात्याराव म्हणाले.

"देव नाहीत ते, काका. सी अर्चिन आहेत. समुद्रातले प्राणी होते, मरून दगड झालेत."

"परभणी जिल्ह्यात समुद्र कुठला आलाय?"

"इथले नाहीत, नर्मदेकडचे आहेत. तिथं होता पूर्वी."

"नर्मदेचे?" तात्यारावांनी हात जोडले. "तिथला गोटा म्हंजी साक्षात महादेव."

अपेक्षाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते आबांनी बघितलं आणि हयातीत पहिल्यांदाच त्यांच्या डोक्यातलं वाक्य वेळेवर बाहेर पडलं.

"आपेक्षा," त्यांनी सावकाश विचारलं, "पाण्यातला जीव म्हंजी मासळीतलाच का गं?"

"नाही आबा, मासा वेगळा, हे..." तिनं आबांकडं बघितलं. आबा तिच्याकडं टक लावून बघत होते. मेंढरू वाटेवर यायची वाट बघतात तसे. "म्हणजे... मासा नाही, पण बाहेर देशात लोकं हे मिटक्या मारत खातात."

तात्यारावांनी जोडलेले हात सोडले.

"कच्चे का शिजवून?" पप्पूनं उगीच विचारलं.

"कच्चेच."

तात्यारावांचा हात माळेवर गेला. "म्या तीर्थ घेतलं त्येच्यावरलं," ते म्हणाले.

"आंबील व्हती की, ताकाची," आबा म्हणाले.

"त्येच्यावरून वघळलेली व्हती, रायभान."

मग जे झालं ते फार झटपट झालं. तात्याराव बोअरवर गेले, सात चुळा भरल्या, आणि येताना बांधावरचे पाच काळे दगड स्वतःच्या हातानं उचलून आणले. चुना नव्हता, पण तात्याराव म्हणाले, पांडवांचा रंग कुठल्या पोथीत लिहिलेला न्हाई. अपेक्षानं आपले दगड ओढणीत गुंडाळले. आबांच्या छातीवरची मेंढी उठून चालू लागली, आणि त्यांनी एवढी भज्जी खाल्ली की कोंडाबाईंना पातेलं खरवडावं लागलं.

संध्याकाळची गाडी अपेक्षाला मिळाली. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला.

"आबा, पास झाले. सर खूश होते. म्हणाले, इतकं सुबक काम म्युझियममधल्या लोकांनाही जमत नाही."

"आसं म्हनले?" आबांनी फोन कोंडाबाईंनाही ऐकू जाईल असा धरला. "आनखी काय म्हनले?"

"मग मी कुंकवाचे डाग कुठून आले ते सांगितलं." अपेक्षा म्हणाली. "तर म्हणाले, हे जीव नऊ कोटी वर्षं टिकले. भूकंप झाले, समुद्र आटला, अंगावर डोंगर आले, कशानं काही झालं नाही. सिमेंटात गाडून घ्यायची पाळी आली ती एका दुपारी, तुझ्या आबाच्या हातून."