सोळंकेकाका आणि हातमोज्यांचा पडदा

सोळंकेकाका कुठलंही चित्र समोरून बघत नाहीत. भिंतीला गाल लावतात, एक डोळा मिटतात आणि चौकट भिंतीपासून किती सुटलीय ते बघतात. मग निकाल. निकाल दोनच: ‘पास’ किंवा ‘रिवर्क’.

आकुर्डीतल्या आमच्या छोट्या कलादालनात ते तीन वर्षांपासून देखरेखीला आहेत. मी तिथली व्यवस्थापक. काका मूळचे लातूरकडचे. चाकणच्या एका कंपनीत सुटे भाग तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्तीनंतर सोसायटीतलं बऱ्या पगाराचं काम सोडून ते इथे का आले, हे मला कळत नव्हतं. चित्रांची आवड म्हणावी, तर तीही दिसेना. कुणी अर्थ विचारला की म्हणायचे, “अर्थाचं नका विचारू. वजन विचारा, सांगतो.” एकदा एका चित्रासमोर भान हरपून उभ्या असलेल्या गृहस्थांना त्यांनी हळूच बाजूला केलं, चौकट दोन सूत वर घेतली आणि म्हणाले, “हां, आता चालू द्या.”

गेल्या हिवाळ्यात इराचं प्रदर्शन लागलं. या तरुण मुलीनं वर्षभर कंपन्यांच्या गेटवर उभं राहून कामगारांचे झिजलेले हातमोजे गोळा केले होते. ते शिवून तिनं भलामोठा पडदा केला आणि जाड लोखंडी पाइपाला लावून दालनाच्या मधोमध छताला टांगला. लोकांनी त्याच्या खालून जायचं, अशी कल्पना.

उद्घाटन पाचला होतं. तीनच्या सुमारास काका शिडीवर चढले, पाना घेऊन छतातल्या बोल्टांवर टकटक केलं, कान देऊन ऐकलं आणि खाली उतरून म्हणाले, “उजवीकडचा पोकळ वाजायलाय. रिवर्क.”

ज्यानं बोल्ट ठोकले त्या कंत्राटदाराला मी फोन केला. तो म्हणाला, हत्ती टांगा. इरा मात्र संतापली. हे गृहस्थ चार दिवस प्रत्येक गोष्टीत खोड काढताहेत, यांना कलेतलं काही कळत नाही, पडदा खाली आला तर प्रदर्शनच उरत नाही, असं ती मला त्यांच्यादेखत म्हणाली. तेवढ्यात विश्वस्तांचा निरोप आला की पाहुणे वेळेआधीच निघालेत. माझाही तोल गेला. मी काकांना दाराशी जाऊन बसायला सांगितलं.

त्यांनी वाद घातला नाही. आपली प्लास्टिकची खुर्ची उचलली, बरोबर पडद्याच्या उजव्या टोकाखाली ठेवली आणि बसले.

“लोकं हितंच उभारणार ना?” ते म्हणाले. “मग तवर मी बसतो.”

विद्यार्थी यायला लागले होते. दोघी-तिघी खुर्चीला वळसा घालून पडद्याखाली फोटो काढत होत्या. मी वर पाहिलं. पाइपाचं उजवं टोक मघापेक्षा बोटभर खाली आहे की मलाच तसं वाटतंय, ते ठरवता येईना. इरा माझ्याकडे बघत होती. काका कुणाकडेच बघत नव्हते, हात मांडीवर ठेवून सरळ बसले होते.

मी सगळ्यांना बाहेर काढलं आणि पडदा उतरवायला सांगितलं. इरा दाराबाहेर जाऊन उभी राहिली.

चौघांनी पाइप खालून धरला. डावा बोल्ट खोलायला बराच वेळ लागला. उजव्याला दिवे लावायला आलेल्या इलेक्ट्रिशियननं नुसता पाना लावला आणि तो मूठभर सिमेंटसकट त्याच्या हातात आला. पाइपाचा असा हिसका बसला की चौघंही वाकले. काका खुर्ची बाजूला घेत एवढंच म्हणाले, “सावकाश.”

पडदा आम्ही जमिनीवर अंथरला. पाहुण्यांनी भाषणात या जमिनीशी असलेल्या नात्याचं फार कौतुक केलं.

इराला शोधत मी चहा घेऊन मागच्या पायऱ्यांवर गेले, तर काका आधीच तिथे, तिच्याहून दोन पायऱ्या खाली उभे. ती डोळे पुसत म्हणाली, “तुमचं बरोबर होतं. पण माझं काम तुम्हाला आवडलंच नाही ना?”

काकांनी तिला वैशालीचं सांगितलं. त्यांची एकुलती मुलगी. बारावीनंतर तिला चित्रकला शिकायची होती. तिनं वही आणून दाखवली, तेव्हा यांनी कुठली रेघ वाकडी गेलीय तेवढंच प्रत्येक पानावर सांगितलं. तिनं वही मिटली आणि पुन्हा कधी दाखवली नाही. आता ती नाशकात नोकरी करते. आई होती तोवर आईशी बोलायची.

“तिला काय दिसत हुतं ते आपल्याला कवातरी दिसंल, म्हणून आलो हितं,” काका म्हणाले. “तीन वर्सं झाली. अजून न्हाई दिसलं.”

इरा त्यांना म्हणाली, हे तिला फोन करून सांगा. आत्ता.

काकांनी नंबर लावला. पलीकडून आधी घाबरा प्रश्न आला असावा, कारण ते घाईनं म्हणाले, “बरा हाय, बरा हाय. मला काही झालं न्हाई. हितं एक पडदा हाय, हातमोज्यांचा. रविवारपर्यंत हाय. तू ये. मला दाखव.”

मग नुसतं ऐकत राहिले. बऱ्याच वेळानं फोनवर हात धरून त्यांनी मला विचारलं, “मॅडम, रविवारी आपलं किती वाजेपर्यंत उघडं असतंय?”

दालनाला कुलूप रोज काकाच लावतात.