विलायतेचा लिलाव

शिरूरकडच्या एका मिशन शाळेचे हेन्री मास्तर हेडमास्तर होणार की नाही, हे रविवारी दुपारी कोळशाच्या टोपल्यांवर ठरणार होतं. नव्या इन्स्पेक्टरसाहेबांपुढं त्यांचा पाठ होता : विलायतेची वीज आणि आपली वीज, काल आणि आज.

आकडे पोरांच्या डोक्यावरून जातात, म्हणून मास्तरांनी दोन्ही देश देवळातच, म्हणजे गावच्या चर्चमध्ये, वेदीपुढं मांडले. शाळाही तिथंच भरायची. विलायतेची कालची वीज म्हणजे निव्वळ कोळसा, दौंडच्या मेव्हण्यानं धाडलेला. आजची म्हणजे कोळसाच, पण शेजारी तेलाचा डबा आणि बशीत एक लिंबू. लिंबू म्हणजे अणू. आपल्याकडे काल थोडा कोळसा, थोडं धरणाचं पाणी. आजही तेच, फक्त टोपल्या आणि घागरी वाढलेल्या.

मग मास्तर साहेबांना आणायला यष्टीवर गेले. त्या दिवशी कापणीचा सण होता. रानात पिकलेलं वेदीपुढं ठेवायचं आणि उपासना झाली की त्याचा लिलाव करायचा, हा रिवाज. सण मास्तरांच्या ध्यानात होता. वेदीपुढं असेल ते देवाचं, एवढं मात्र ते विसरले.

यष्टीतून साहेब उतरलेच नाहीत. मास्तर परतले, तर लिलाव पुकारणारे येशुदास आबा रंगात आलेले.

"आबा, थांबा! ती विलायत हाय!"

"मग आधी न्हाई का सांगायचं? आजून भाव आला आसता. समदा कोळसा पोपटराव हाटेलवाल्यानं उचलला."

"आन् तेल?"

"दयाबाईनं नेलं. चिमण्या भरत आसंल."

मास्तरांचा आवाज चिरकला. "माझा अणू कुठंय?"

"त्या लिंबाला म्हंजी काय चुरस! राहेलकाकूनं कोंबडीच्या भावाला नेलं, पर त्यो पाव्हणा शेवटपत्तुर बोली सोडंना."

"कोण पाव्हणा?"

पाहुणा पुढच्या बाकावर राहेलकाकूंनी त्याच लिंबाचं केलेलं सरबत पीत होता. जीपनं आधीच आलेले इन्स्पेक्टरसाहेब. पाणी अर्थात हिंदुस्तानच्या घागरीतलं.

"या मास्तर," साहेब म्हणाले. "पाठ कधी सुरू करताय?"

मास्तरांनी रिकाम्या टोपल्यांकडं पाहिलं.

"झाला की साहेब. कोळसा आज ना उद्या संपतो. तेल दुसऱ्याच्याच घरी जळतं. अणू फार महाग पडतो."

"आणि पाणी?"

"त्याला कुणी भाव दिला नाही. प्यायले मात्र सगळे."

साहेबांनी पेला खाली ठेवला आणि शेरा लिहिला : उत्तम.

घामाघूम मास्तर बाहेर आले, तर आबा दारात वाट बघत उभे.

"हेडमास्तर, पुढल्या सणाला अमेरिका आणा. आन् लिंबं जरा जास्त घ्या."