दोन बटनांचा क्लास

दुपारी ताटावर बसल्यावर पुष्पाने विचारलं, "भाकर किती वाढू?"

"सतरा," मच्छिंद्र म्हणाला.

पुष्पा भाकर हातात धरून त्याच्याकडे बघत राहिली. मग तिच्या ध्यानात आलं की नवरा भाकरी मोजत नाहीये, चपला मोजतोय.

मंठ्याला बसस्टँडमागच्या गल्लीत समोरासमोर दोन कंप्युटर क्लास होते. एक मच्छिंद्रचा, दुसरा मुबारकचा. धूळ जाऊन मशीन बिघडू नये म्हणून दोन्हीकडे चपला बाहेर काढायची पद्धत. त्यामुळे कुणाकडे किती जण शिकतात हे कळायला आत डोकावायची गरजच नव्हती. उंबऱ्यापुढे बघितलं की झालं. मुबारकच्या दारात सतरा जोड. मच्छिंद्रच्या दारात एक, आणि तोही मच्छिंद्रचाच.

आधी असं नव्हतं. दोन वर्षं अख्ख्या मंठ्यात मच्छिंद्रचा एकट्याचाच क्लास होता. चार मशीन, चारही पिवळट पांढरे, चालू केले की पडद्यावर खिडकीचं चित्र उगवायचं. मग दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात मुबारक हैदराबादहून परत आला. तिथल्या एका छापखान्यात तो सात वर्षं होता. मालकाने नवीन मशीन घेतले तेव्हा जुने तीन हा उचलून घेऊन आला. निळे, आरपार, आतली तार न् तार दिसेल असे, आणि वर चावलेल्या सफरचंदाचा छाप. पहिल्या दिवशी बघायला एवढी गर्दी लोटली की मच्छिंद्रची पोरंही गेली. गेली ती गेलीच.

"उष्टं सफरचंद हाय ते," मच्छिंद्र भेटेल त्याला सांगायचा. "कुणाचं तरी चावलेलं. शिकायच्या जागी असलं ठिवतं का कुणी?"

पण लोकांना सफरचंदाशी काही घेणंदेणं नव्हतं. त्यांना भुलवलं ते बटनाने. मुबारकच्या माऊसला एकच बटन होतं. त्याने रिक्षाला भोंगा बांधून तीन दिवस गावभर फिरवला. एकच बटन, दाबा आणि शिका, चुकायला जागाच नाही. मंठ्यातल्या माणसाला कंप्युटरची भीती नव्हतीच, भीती होती चारचौघांत चुकायची. त्यामुळे एक बटन ही गोष्ट सगळ्यांना जाम पटली.

मच्छिंद्रने दुसऱ्याच दिवशी पेंटर बोलावला आणि आपल्या भिंतीवर हातभर अक्षरात लिहून घेतलं, 'त्यांचं एक, आमची दोन!' त्याला वाटलं, जास्त बटनं म्हणजे जास्त ज्ञान, असं लोक समजतील. लोक समजले, दोन बटनं म्हणजे चुकायला दोन जागा.

त्यात मुबारक शाळेतला त्याचा एका बाकावरचा दोस्त. भेटला की गळ्यात हात टाकायचा, ईदला डबाभर शीरखुर्मा पाठवायचा. तो भांडला असता तर मच्छिंद्रला किती बरं वाटलं असतं. पण तो भांडतच नव्हता. नुसता हसायचा, आणि त्याच्या दारात रोज एक जोड वाढायचा.

आता गुरुवारी शाळांचे केंद्रप्रमुख बद्रीनाथ सर येणार होते. केंद्रातल्या तीस मास्तरांनी कंप्युटर शिकावा असा वरून हुकूम आलेला. तीसच्या तीस एकाच क्लासला जाणार होते, आणि कोणत्या ते सर स्वतः बघून ठरवणार होते. ते तीस मिळाले तर क्लास जगणार. नाही मिळाले तर शटर ओढायचं आणि आष्टीला सासऱ्याच्या दुकानात पोत्यांवर बसून ज्वारी मापायची, असं पुष्पाच्या माहेरी कधीच ठरून गेलं होतं.

बुधवारी संध्याकाळी मच्छिंद्र स्टँडवर कडूबाकडे गेला. कडूबा चपला शिवायचा. लोक दुरुस्तीला टाकून जायचे आणि विसरायचे. असल्या विसरलेल्या चपलांचं एक पोतंच त्याच्याकडे साठलं होतं. मच्छिंद्रने ते एका दिवसापुरतं मागितलं. कडूबाने कशासाठी ते ऐकून घेतलं, दाभण बाजूला ठेवलं आणि त्याच्या तोंडाकडे बघितलं.

"म्हंजी माणसं न्हाईत, नुसते पाय आणायचे," तो म्हणाला. "आणतो."

गुरुवारी सकाळी मच्छिंद्रने पोतं उपडं करून चपलांच्या सरळ रांगा लावल्या. कडूबाला ते बघवेना.

"देवळापुढची लाइन हाय का ही? पोरं चपला काढून ठिवत न्हाईत मच्छिंद्रा, पायातून झटकून देतेत." असं म्हणून त्याने चार लाथा अशा घातल्या, की दोन उलट्या पडल्या, एक पायरीखाली गेली, एकीवर दुसरी चढली. बघता बघता तिथे सव्वीस माणसं घाईघाईने आत घुसल्यासारखं झालं.

मुबारक बाहेर आला, थबकला, आणि रस्ता ओलांडून त्याने सरळ मिठीच मारली. "दिल खूश केला यार मच्छिंदर. मी म्हणत होतो ना, येतेत लोक, जरा सबर पाहिजे." मच्छिंद्र म्हणाला, चालू हाय हळूहळू. बोलता बोलता त्याने मुबारकच्या खांद्यावरून पलीकडे बघून घेतलं. सतरा. आपले सव्वीस. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्याला कडकडून भूक लागली.

ती तासभरच टिकली. दहाच्या सुमाराला कॉलेजच्या तीन पोरी चौकशीला आल्या. महिनाभरात त्याच्या दारापर्यंत आलेलं पहिलं गिऱ्हाईक. पोरींनी चपलांचा ढीग बघितला, इथं तं पाय ठिवायला जागा न्हाई म्हणाल्या आणि समोर गेल्या. मच्छिंद्र आतून धावत बाहेर येईपर्यंत तिकडे वीस झाले होते.

मग गोजरबाई आल्या. त्या तळणीच्या रस्त्याला राहायच्या आणि गल्लीतून दळण घेऊन चालल्या होत्या. मच्छिंद्रच्या दारासमोर त्यांनी डोक्यावरचा डबा उतरवला आणि वाकून एक चप्पल उचलली. टायरचा तळवा, उजवी टाच घासून कागद झालेली. अकरा वर्षं त्या चपलेचा आवाज त्यांनी घरात ऐकला होता. नवऱ्याने, म्हणजे तातेरावांनी, ती दिवाळीतच हरवली म्हणून सांगितलं होतं.

"आमचं माणूस कुठंय?" त्या आत येऊन म्हणाल्या.

खोलीत चार मशीन आणि चार रिकामी स्टुलं. कुणीच नाही म्हणावं तर सगळं पोतं उघडं पडायचं. मच्छिंद्रने सामानाच्या खोलीच्या बंद दाराकडे बोट केलं आणि म्हणाला, आतमधी मोठी बॅच चालू हाय, मधून उठवता येत न्हाई.

"पंचावन्नाव्या वर्षी कंप्युटर शिकून राह्यला," गोजरबाई म्हणाल्या, "अन् मला सांगतो मोंढ्यात बाजाराला गेल्तो." त्यांनी स्टूल ओढलं आणि बंद दारासमोर ठाण मांडलं. "चालू द्या तुमचं. मी बसते."

आणि नेमके तेव्हाच बद्रीनाथ सर आले.

सर दारात उभे राहिले, खाली बघितलं, आणि त्यांचा चेहरा पडला. मच्छिंद्रला वाटलं ऊन लागलं असेल.

"इथं तर गर्दी दिसते," सर म्हणाले.

"सव्वीस जण हायत सर. अन् संध्याकाळची बॅच येगळी."

"मग राहू द्या." सर जायला वळले.

मच्छिंद्र तसाच अनवाणी त्यांच्यामागे पळाला. सरांनी इकडेतिकडे बघितलं, त्याला भिंतीच्या कडेला घेतलं आणि आवाज खाली आणला. मास्तर लोक पन्नाशीचे, पंचवीस-पंचवीस वर्षं पोरांना छड्या दिलेले. त्यातल्या एकालाही माऊस धरता येत नव्हता. आणि आपण चुकतोय हे आपल्याच हातचा मार खाल्लेल्या पोरांनी बघावं, याला एकही जण तयार नव्हता. म्हणून तर समोरचा क्लास सरांनी लांबूनच नापास केला होता.

"मी स्टँडवरच्या हॉटेलात विचारलं, की कुणीच येत नाही असा क्लास कोणता," सर म्हणाले. "सात जण चहा पीत होते. सातही जणांनी तुमचं नाव घेतलं. म्हणून आलो. पण लोकांचं काही खरं नसतं. आता परतूरलाच बघतो."

आधी मच्छिंद्रच्या अंगाचा भडका उडाला. सातही जणांनी? मग सर चार पावलं पुढे गेले आणि त्याच्या डोक्यात उजेड पडला. दोन महिने जी गोष्ट तो जिवाच्या आकांताने लपवत होता, ती आता त्याला भर गल्लीत सिद्ध करायची होती.

"सर, कुणी येत न्हाई माझ्याकडं," तो म्हणाला. "खरंच सांगतो. बिलकुल कुणी येत न्हाई."

"मग या चपला?"

"त्या नुसत्याच हायत."

सरांच्या नोकरीत पोरांनी हजार थापा मारल्या होत्या, पण ही नवी होती. मच्छिंद्र त्यांचा हात धरून आत घेऊन आला. सरांना रिकामी स्टुलं दिसली, त्यांचं तोंड जरा खुललं, आणि तेवढ्यात गोजरबाई बोलल्या.

"खोटं बोलून राह्यला हा. आत मोठी बॅच हाय. आमचं माणूसच बसलंय आत."

मच्छिंद्र म्हणाला, मावशी, आत कुणी न्हाई. गोजरबाई म्हणाल्या, मघाशी तूच म्हनला. सर म्हणाले, मास्तर लोक नको असतील तर सरळ सांगावं, हे असं कशाला? शेवटी मच्छिंद्रने सामानाच्या खोलीचं दार धाडकन उघडलं. आत खोकी होती, मोडका टेबलफॅन होता आणि उद्घाटनाचा वाळलेला नारळ होता.

गोजरबाईंनी आत वाकून बघितलं, फॅनच्या मागेही बघितलं. मग त्या सावकाश मागे वळल्या.

"आमच्या माणसाला कुठं ठिवलं तू?"

बाहेर गल्ली जमली. मुबारकची वीसच्या वीस पोरं दारात येऊन उभी राहिली. आणि त्या गर्दीतून वाट काढत कडूबा आला, रिकामं पोतं खांद्यावर टाकून, मागे साक्षात तातेराव. सहा महिन्यांनी तातेरावांना नेमकं आजच आठवलं होतं की चप्पल हरवली नाही, शिवायला टाकली होती. आणि ते एकटेच नव्हते. सकाळपासून पाच जणांना अशीच आठवण झाली होती. तातेराव बायकोला इथे बघून असे चपापले, की गोजरबाईंना वाटलं काहीतरी हाय खरं. दोघं नवराबायको डबा उचलून भांडत गेले.

कडूबाने कुणाला काही न विचारता एक एक जोड पोत्यात टाकायला सुरुवात केली. सर कमरेवर हात ठेवून बघत राहिले. दोन जोड उरले तेव्हा कडूबा थांबला.

"ह्यो सरांचा. अन् ह्यो एक मच्छिंद्राचा," तो म्हणाला. "ह्याच्याकडं रोज येवढीच गर्दी असती सर."

सरांच्या तोंडावर समाधान पसरलं. त्यांनी मच्छिंद्रच्या पाठीवर थाप मारली आणि गल्ली पांगल्यावर त्याला आत नेऊन तीस मास्तर नक्की केले. फक्त अटी घातल्या. मास्तर मागच्या दाराने येणार, दहा-दहाच्या बॅचने. पुढे पडदा. आतून आवाज नको. कुणाला सांगायचं नाही, घरीसुद्धा नाही. आणि चपला पिशवीत घालून आत. दारात एक जोड जरी जास्त दिसला तरी सगळी बॅच दुसऱ्या दिवशी परतूरला.

सोमवारी पहिले दहा आले. आळीपाळीने माऊस हातात येताच दहाही जणांनी उजवं बटन दाबलं आणि पडद्यावर भलतीच यादी उघडली. डावं दाबा म्हटलं की ते माऊसच उचलून डावीकडे ठेवायचे. चार दिवस मच्छिंद्रने दम काढला. पाचव्या दिवशी त्याने चिकटपट्टी आणली आणि चारही माऊसची उजवी बटनं बंद करून टाकली. एकच बटन उरलं तसे मास्तर सुतासारखे सरळ चालायला लागले. बाहेर भिंतीवर 'आमची दोन!' तसंच होतं.

क्लास भरला. भरलेला क्लास मच्छिंद्रला आयुष्यात पहिल्यांदा मिळाला, आणि तो त्याला कुणाला दाखवता येईना. समोर आता चोवीस होते. इकडे एकच. मुबारक दारातून बघायचा आणि हळहळायचा. एका दुपारी तो चहा घेऊनच आला. पडद्यामागे दहा मास्तर श्वास रोखून बसले.

"ते कडूबाचे सव्वीस जोड टिकले न्हाईत ना यार," मुबारक म्हणाला.

"न्हाई टिकले," मच्छिंद्र म्हणाला.

"उदास नको होऊ. दारात चपला दिसल्या की लोक येतेत. बघतो मी काहीतरी."

मच्छिंद्रने त्याला कसंबसं वाटेला लावलं आणि त्याचं बोलणं विसरून गेला. दुसऱ्या दिवशी मास्तर मागून आत येऊन बसले, त्याने सहज पडदा सरकवला, तर दारात सात जोड. समोर मुबारकची सात पोरं अनवाणी, तळवे भाजत, रस्ता ओलांडून निळ्या मशीनकडे पळत होती. मुबारक दारात उभा राहून त्याला डोळा मारत होता. आणि गल्लीच्या तोंडाला, सायकल हातात धरून, बद्रीनाथ सर येताना दिसत होते.

मच्छिंद्रने सातही जोड छातीशी कवटाळले आणि भर बाजाराच्या वेळेला रस्ता ओलांडला. मुबारकच्या उंबऱ्यापुढे गुडघ्यावर बसून तो ते एक एक करून मांडायला लागला. गल्लीच्या तोंडावरच्या हॉटेलच्या बाकावर तातेराव बसले होते. त्यांनी बशी खाली ठेवली.

"का रे मच्छिंद्रा, मुबारककडं कामाला लागला का? चपला सांभाळायला?"

हॉटेलातली सगळी माणसं त्याच्याकडे बघत होती. मच्छिंद्रने बोलायला तोंड उघडलं. मग त्याने आपल्या पडद्याकडे बघितलं, सरांच्या सायकलीकडे बघितलं.

"व्हय काका," तो म्हणाला. "आज पहिलाच दिवस हाय."