नापास चकली

आमच्या शेजारचे हवालदारतात्या चकली आधी कानाने खातात. चकली कानाशी धरायची, डोळे मिटायचे आणि कट्टकन मोडायची. मग निकाल. "पास" म्हणाले तर चकली तोंडात. "नापास, फिर से!" म्हणाले तर चकली परत डब्यात. सातारच्या आमच्या कॉलनीतल्या बायका परीक्षेला घाबरल्या नसतील एवढ्या या माणसाला घाबरतात.

तात्या मूळचे उंब्रजचे. सगळी नोकरी पलटणीत गेली. त्यांच्या मते चकलीला तीनच वेढे हवेत. "भाईरचा वेढा भरती, मधला नोकरी, आतला पेन्शन. तिन्हीचा आवाज येगळा आला पायजे!" कडबोळ्याचं नाव काढलं की नाक मुरडायचे. पीठ तेच, भाजणी तीच, असं मी एकदा सांगून पाहिलं. "वैनी, वर्दी काढून शिपाई उभा केला तर त्यो शिपाई दिसतो व्हय?" माझं माहेर सांगलीचं. तिकडून हौसेने भडंग आणलं, तर त्यात बोट फिरवून म्हणाले, "चव झकास हाय. पर ही निस्ती गर्दी हाय, हिला आकारच न्हाई." मला असा राग आला म्हणता! पण वाटी मात्र रिकामीच परत आली.

सगळ्यात हाल सुमनकाकूंचे, म्हणजे त्यांच्या बायकोचे. त्यांची चकली म्हणजे अगदी नक्षी. तरी हा गृहस्थ एखादी तरी नापास करणारच. काकू पदराआड हसायच्या, पुन्हा सोऱ्या हातात घ्यायच्या आणि नापास चकल्यांचा डबा आमच्याकडे यायचा. खोटं कशाला बोलू, आम्ही त्या डब्याची वाट बघायचो.

गेल्या हिवाळ्यात काकूंना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला, तो काकूंनी कोपऱ्यात फेकला. "मी काय ल्हान लेकरू हाय?" आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

चार दिवसांनी तात्या वाटी घेऊन माझ्या दारात. "वैनी, भाजणी द्या वाईच. आन् कडबोळ्याला मोहन किती घालायचं?"

कडबोळ्याला! मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मागोमाग त्यांच्या घरी गेले. बघते तर काकूंच्या पुढ्यात परात, परातीत मळलेली भाजणी. कडबोळ्याला सोऱ्या लागत नाही, तळव्याखाली पीठ वळायचं आणि टोकं जोडायची. काकूंचा उजवा हात त्या पिठावर सरपटत होता. कडबोळी कसली, वाकड्या काड्याच त्या. तात्या तळत होते, कानाशी धरत होते आणि ओरडत होते, "कट्ट! पास! आगं, ही बी पास!"

दोन-तीन महिने हेच चाललं. हात सुधारत होता, टोकं जुळायला लागली होती. मी आपली खूश. आणि एक दिवस काकूंनी मला आत बोलावलं, तर डोळ्यांत पाणी.

"लगीन झाल्यापास्नं ह्या मानसानं माजा एक घाना सरळ पास केला न्हाई," त्या म्हणाल्या. "आता वाकडं, जळकं, समदं पास. म्हंजी माजी आशाच सोडली न्हवं त्यांनी?"

मी बाहेर येऊन तात्यांना जसंच्या तसं सांगितलं. ते अंगणात उभेच राहिले. मिशीवरून हात फिरवला, पुसला, पुन्हा फिरवला. मग आत जाऊन फळीवरचा पितळी सोऱ्या काढला आणि काकूंच्या पुढ्यात ठेवला. "चकली पाड," एवढंच म्हणाले.

मी मदतीला पुढे झाले, तर काकूंनी मला डोळ्यांनीच मागे बसवलं. डाव्या हातात सोऱ्या धरला, उजव्या हाताने मूठ फिरवायला घेतली. मूठ सारखी निसटत होती, ओठ घट्ट मिटलेले. मोठ्या मुश्किलीने दीड वेढा पडला. तात्यांनी ती चकली तळली, निवू दिली, कानाशी धरली आणि डोळे मिटले. काकूंनी श्वास धरला. मीही धरला.

कट्ट.

"आवाज हाय," तात्या म्हणाले. मग डोळे उघडून चकली फिरवून फिरवून पाहिली. "पर वेढा दीडच, आन् टोक सुटलंय. नापास! फिर से!"

काकू हसायला लागल्या. थांबेचनात. "बगा की वो, नापास म्हंत्यात मला!" असं मलाच दोनदा सांगितलं आणि पिठाचा गोळा पुन्हा सोऱ्यात भरला. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला बाई!

नापास माल आमचा, या जुन्या सवयीने मी हात पुढे केला. तात्यांनी ती अर्धी मोडलेली चकली रुमालात गुंडाळून सदऱ्याच्या खिशात ठेवली.

"ही ऱ्हाऊ द्या, वैनी," ते हळूच म्हणाले. "फुडली घ्या."