चादरींच्या खोलीचं उद्घाटन

एका जंगलात एक इस्पितळ होतं. मुलांनो, जंगलात इस्पितळ कशाला, असं विचारू नका. तुमच्या गावात नाही म्हणून जंगलातही नसावं, असं थोडंच आहे?

त्या इस्पितळात झुमकी नावाची खार नवी नर्स म्हणून लागली. नर्सिंगच्या परीक्षेत ती पहिली आली होती. भोपळ्याला सुई टोचण्यात तर तिचा हात कुणी धरू शकत नसे. पण भोपळा ओरडत नाही. पेशंट ओरडतात.

पहिल्याच दिवशी तिने वॉर्डात एक वटवाघूळ उलटं लटकलेलं पाहिलं आणि पेशंट पडतोय, पेशंट पडतोय म्हणून सगळं इस्पितळ गोळा केलं. वटवाघूळ बिचारं झोपलं होतं. दुपारी साळिंदर आजोबांना सुई द्यायची होती. झुमकी मागून अशी दबकत गेली, की सुई राहिली बाजूला आणि आजोबांचेच काटे तिला टोचले. सगळा वॉर्ड हसला. तरस तर टाके उसवेपर्यंत हसलं.

इस्पितळाचा नियम कडक होता. पौर्णिमेपर्यंत जिला एकटीने सुई देता येणार नाही, तिने घरी जावं. आणि घरून निघताना झुमकीच्या आईने बजावलं होतं, की परत आलीस तर जन्मभर शेंगा सोलत बसशील. झुमकीला शेंगा सोलायच्या नव्हत्या. तिला नर्स व्हायचं होतं, अगदी मनापासून.

म्हणून ती चादरींच्या खोलीत गेली आणि ढिगात तोंड खुपसून रडली.

आता एक गुपित सांगतो. त्या इस्पितळातली प्रत्येक नर्स नवी असताना तिथेच रडली होती. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. पाय आपोआप तिकडे वळायचे.

थोड्या वेळाने अंबूसिस्टर आत आल्या. अंबूसिस्टर म्हणजे हत्तीण, वॉर्डाच्या प्रमुख. त्यांनी झुमकीकडे पाहिलंसुद्धा नाही. एक चादर उचलली, तिचं टोक झुमकीच्या पंजात दिलं आणि घडी घालायला लागल्या.

"मी नवी होते तेव्हा मला कासवाची नाडी सापडेना," त्या चादरीशी बोलल्यासारखं म्हणाल्या. "म्हणून मी कासव गेलं असं सांगून टाकलं. नातेवाईकांनी गळा काढला, तेव्हा त्याने मान बाहेर काढली. अजून बोलत नाही माझ्याशी."

झुमकीला रडता रडता हसू आलं.

"साळिंदराला मागून टोचायचं नसतं पोरी. समोर बस. नातवंडांची चौकशी कर. बोलायला लागला की काटे आपोआप खाली येतात. मग दंडात दे. मी दारात आहे."

दुसऱ्या दिवशी त्या खरंच दारात उभ्या राहिल्या, काहीतरी शोधत असल्यासारख्या. दारात हत्तीण असली, की आतल्यांना हसायचा धीर होत नाही आणि हसायला येणाऱ्यांना आत शिरता येत नाही. सुई जरा वाकडी गेली, पण गेली.

असं रोज चाललं. रोज रडणं, रोज घडी, रोज दारात अंबूसिस्टर. झुमकीचा हात बसत चालला. पण दार रिकामं दिसलं, की सुई पुन्हा भलतीकडे जायची.

तेवढ्यात वाघमहाराजांच्या कानावर गेलं, की इस्पितळातल्या नव्या नर्सा टिकत नाहीत. त्यांनी हुकूम सोडला, की नव्या नर्सांना आधार द्या.

इस्पितळाचा कारभार एका मोराकडे होता. सगळे त्याला मोरसाहेब म्हणत. पिसारा फुलवला की वॉर्डातल्या खाटा सरकवाव्या लागत, एवढं त्यांचं काम मोठं. मोरसाहेब पाहणीला निघाले आणि चादरींच्या खोलीत येऊन थबकले. चादरी ओल्या होत्या. त्यांनी आधी सुतारपक्ष्याला छपरावर चढवलं. छप्पर गळत नव्हतं. मग कुणीतरी खरं काय ते सांगितलं.

मोरसाहेबांना राग आला असं वाटतं का तुम्हाला? छे. त्यांना अतोनात आनंद झाला.

"म्हणजे आधार केंद्र आपल्याकडे आहेच," ते म्हणाले. "फक्त फलक लावायचा राहिलाय."

फलक लागला. चादरी उचलून मागच्या जांभळाखाली नेऊन टाकल्या. खोलीत मऊ शेवाळाची आसनं आली. महाराजांनी दातांनी वेल तोडून उद्घाटन केलं. रडण्याची वेळ दुपारची ठरली, तीही आदल्या दिवशी कळवलं असेल तर. मगरीने अश्रू या विषयावर फार सुंदर व्याख्यान दिलं. खोली चांगली राहावी म्हणून तिला कुलूप घातलं आणि किल्ली मोरसाहेबांनी आपल्या गळ्यात बांधली.

अंबूसिस्टरांना मुख्य आधारस्तंभ नेमलं. खांब जागचा हलत नाही, तशा त्या दिवसभर सभेत बसू लागल्या. नव्या नर्सांना आधार कसा द्यावा, यावर चर्चा चाले. नव्या नर्सा तेव्हा वॉर्डात एकट्या असत. दार रिकामं असे.

झुमकीच्या सुया पुन्हा चुकू लागल्या. तिने मनातल्या मनात शेंगा सोलायला सुरुवात केली.

अशात पौर्णिमा उजाडली. मोरसाहेब आधार केंद्राबद्दल सत्कार घ्यायला शेजारच्या जंगलात गेले होते. बाकीचे सगळे सभेत होते. आणि वाघमहाराज लंगडत लंगडत वॉर्डात आले. पंजात काटा मोडून पू झाला होता. सुई द्यावी लागणार होती.

झुमकीने सुई उचलली. दाराकडे पाहिलं. सुई झाकून खिशात ठेवली. एवढ्यात येते असं सांगून ती धावत सुटली ती थेट चादरींच्या खोलीपाशी. कुलूप. तिने उंबऱ्यावरच बसून रडायला सुरुवात केली.

मागून कुणीतरी आलं. बघते तर महाराज.

"कुलूप आहे का?" महाराजांनी हळूच विचारलं. त्यांचेही डोळे भरले होते. सुईची त्यांना लहानपणापासून भीती, आणि प्रजेसमोर राजाला रडता येत नाही. ही खोली उद्घाटनापासून त्यांच्या लक्षात होती. "किल्ली कुणाकडे?"

"मोरसाहेबांकडे, महाराज. ते सत्काराला गेलेत."

दोघं मुकाट्याने मागे गेले आणि जांभळाखाली चादरींच्या ढिगात तोंड खुपसून रडले. किती बरं वाटलं म्हणून सांगू.

पाणी पिऊन येते म्हणून सभेतून सटकलेल्या अंबूसिस्टर तिथे आल्या. त्यांनी कुणाकडेच पाहिलं नाही. एक चादर उचलली. एक टोक झुमकीला दिलं, एक महाराजांना.

"जरा ताणून धरा महाराज. तुमचे वडील सुई बघून खाटेखाली गेले होते. आम्ही कुणाला बोललो नाही."

महाराज वडिलांबद्दल बोलू लागले. बोलता बोलता पंजा सैल पडला. जांभळाखाली दार नव्हतं, तरी अंबूसिस्टर दारात उभ्या राहिल्यासारख्या पाठ करून उभ्या राहिल्या. झुमकीने सुई दिली. सरळ गेली.

"झालं?" महाराजांनी विचारलं.

"झालं, महाराज. पण ही सुई माझी एकटीची म्हणून धरणार नाहीत. अंबूसिस्टर होत्या."

"कुठे?" महाराज म्हणाले. "मला तर इथे कुठे हत्तीण दिसली नाही."

झुमकी नोकरीत कायम झाली. पुढच्या वर्षी एक नवी मुंगशीण जांभळाखाली रडताना दिसली, तेव्हा झुमकीने तिच्याकडे न बघता चादर उचलली.

मोरसाहेबांचंही छान झालं. केंद्र उघडल्यापासून त्या खोलीत एकही नर्स रडलेली नाही, असं त्यांनी दरबारात सांगितलं, आणि ते खरंच होतं. त्यांचा पुन्हा सत्कार झाला. हार महाराजांनीच घातला. त्यांना सगळं ठाऊक होतं, पण ते गप्प राहिले. बोलले असते तर मोरसाहेबांनी जांभळाचंही उद्घाटन केलं असतं.

तात्पर्य: मुलांनो, नव्याने कामाला लागलेल्यांना आधार जरूर द्यावा. फक्त ही गोष्ट वरपर्यंत कळू देऊ नये.