गुंफाजीची घायपाती गाडी

एका जंगलात, बाळांनो, झाडं कमी आणि गाड्या जास्त झाल्या होत्या. गाड्या लोखंडाच्या. इतक्या जड, की निम्मं इंधन स्वतःलाच ओढण्यात जाळायच्या. धुरानं सांबरं खोकायची, आणि खोकत खोकत गाड्या चालवायची.

तिथं गुंफाजी नावाचा सुगरण पक्षी राहायचा. सुगरण म्हटलं की तुम्हाला बाई आठवते, ठाऊक आहे मला. पण या मंडळींत घरटं विणतो तो नर. मादी येते, लटकते, चोचीनं धागे ओढून बघते. पटलं तर लग्न, नाहीतर भुर्रकन शेजाऱ्याकडे.

गुंफाजीचा जीव कुसुंबीवर जडला होता. तिनं त्याची सगळी घरटी ओढून पाहिली.

"असली सगळेच विणतात," ती म्हणाली. "काहीतरी वेगळं विण. मग बघू."

गुंफाजी पेटला. त्यानं घायपाताचे धागे काढले, अंबाडीचे काढले, बांबूच्या कामट्या घेतल्या, वर झाडाची राळ थापली आणि चक्क गाडी विणली. दारं, छप्पर, बॉनेट, सगळं. इंजिन दिलं काटेशेठ साळिंदरानं. त्यांचं गाड्यांचं दुकान होतं.

गाडी अशी हलकी, की दोन खारी ती उचलून सावलीत ठेवत. परीक्षेसाठी तिच्यावर हत्ती बसवला. गाडी वाकली. हत्ती उठला. गाडी पुन्हा सरळ झाली. हत्तीला अपमान वाटला, पण गाडी पास झाली. गुंफाजी आनंदानं संध्याकाळभर उलटा लटकून गात होता.

दुसऱ्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक आलं. अस्वल. त्यानं गाडीभोवती फेरी मारली आणि दारावर टकटक केलं.

भद्‌.

"पत्रा पातळ दिसतोय," अस्वल म्हणालं.

"पत्रा नाहीच," गुंफाजी अभिमानानं म्हणाला.

"मग मी घेऊ काय?"

"अहो, हत्ती बसला होता हिच्यावर."

"बसला असेल. वाजत नाही पण." अस्वलानं दार लावून पाहिलं. "लागलं का हे?"

"लागलं की."

"मग धाडकन आवाज कुठाय? शेजाऱ्यांना कळायचं कसं?"

अस्वल निघून गेलं. काटेशेठनं गुंफाजीला बाजूला घेतलं.

"दारावर एक पत्रा ठोकू. नुसता वाजवण्यापुरता."

गुंफाजीला ते पटलं नाही. पण कुसुंबी डोळ्यांसमोर आली. गाडी खपलीच नाही, तर ती बघणार काय? त्यानं मान हलवली.

मग गवा आला. त्यानं दार सोडून बॉनेट वाजवलं. तिथं पत्रा बसला. रानडुकरानं आडवं पडून गाडीचं पोट वाजवलं. तिथंही बसला. माकडांनी छप्पर वाजवलं, आणि माकडं कुठं थांबतात होय? अख्खी गाडी पत्र्यानं मढली.

"आता आतलं विणकाम कशाला?" काटेशेठ म्हणाले. "उगाच जागा खातंय." त्यांनी ते उपसून मागच्या आवारात फेकलं. आठवण म्हणून आरशाला अंबाडीचा एक गोंडा बांधला. मागच्या काचेवर हिरव्या रंगात लिहिलं: 'निसर्गानं विणलेली'.

काय सांगू बाळांनो, उड्या पडल्या. जंगलभर टणटण, धाडधाड. सांबरं आनंदानं खोकू लागली. सिंहमहाराजांनी गुंफाजीला शाल पांघरली. तो शालीत दिसेनासा झाला, पण आतून भाषण आलं, "या गाडीचा प्रत्येक इंच माझा आहे."

टाळ्या पडल्या. गर्दीतून कुसुंबी आली. गुंफाजी धडपडत शालीतून बाहेर आला.

"बघ, वेगळं केलं की नाही?" तो म्हणाला.

"केलंस. मी आमंत्रण द्यायला आले. माझं परशाशी लग्न आहे."

"माझ्या शेजारचा परशा? त्याला गाठसुद्धा मारता येत नाही."

"काय बोलतोस? केवढं घर टांगलंय त्यानं बाभळीला. दारं, छप्पर, सगळं विणलेलं. मी जीव खाऊन ओढलं, एक धागा सुटला नाही. असं घर मी जन्मात पाहिलं नव्हतं."

गुंफाजी ओरडला, "अगं, ते माझं आहे. मी विणलंय."

कुसुंबीनं चोचीनं गाडीवर टकटक केलं. टण्ण.

"तुझं हे," ती म्हणाली. "आत्ताच सगळ्यांदेखत सांगितलंस की." आणि भुर्रकन उडून गेली.

तात्पर्य: हलकी वस्तू बाजारात खपवायची असेल, तर आधी ती जड करून घ्यावी. आणि टाकायचंच असेल, तर आपलं उत्तम काम शेजाऱ्याच्या नजरेआड टाकावं.